बोटांचे ठसे ओळखायला शिकताना: आधी घटनास्थळावरचा ठसा, संशयिताचा नंतर

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. एक सपाट काच, रबरी रोलर, ठशांची काळी शाई आणि जाडसर पांढरा कागद घ्या आणि स्वतःच्याच दहाही बोटांचे ठसे घ्या. दुसऱ्या दिवशी परत घ्या, तिसऱ्या दिवशी परत. आठवडाभरात एकाच उजव्या अंगठ्याचे दहा-बारा ठसे तुमच्याकडे जमतात आणि ते शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली बघितले की एक गोष्ट कळते जी लेक्चरमध्ये कितीही सांगितली तरी डोक्यात बसत नाही, ती म्हणजे एकाच बोटाचे दोन ठसे कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. एकात रेषा जाड, एकात बारीक, एकात शाई जास्त झाली म्हणून दोन रेषांमधली फट बुजलेली, एकात बोट जरासं सरकलं म्हणून खालचा भाग ताणलेला. कुठला फरक कातडीचा आणि कुठला फक्त उमटण्याचा, हे ओळखणं म्हणजेच एक्झामिनरचं, म्हणजे ठसे तपासणाऱ्या तज्ज्ञाचं काम, बाकी सगळं त्याच्या तयारीसाठी.

साधनं फार लागत नाहीत. साडेचार ते पाच पट मोठं दाखवणारं, टेबलावर उभं राहणारं भिंग, दोन टोकदार सुया किंवा पॉइंटर (एक या ठशावर, एक त्या ठशावर), चांगला टेबल लॅम्प, ट्रेसिंग पेपर आणि बारीक पेन. स्क्रीनवर झूम करून काम आता सगळीकडे चालतं पण सुरुवातीचे काही महिने भिंगावरच काढा असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण स्क्रीनवर वाट्टेल तेवढं मोठं करता येतं आणि मग नसलेलं पण दिसायला लागतं.

कातडीचं थोडं समजून घ्या

इथे घाई करू नका, कोर्टात सगळ्यात जास्त प्रश्न इथलेच येतात. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना बोटांच्या टोकांना छोटे फुगवटे येतात, पुढे ते आक्रसायला लागतात आणि साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून रेषा तयार व्हायला सुरुवात होते. फुगवटा त्यावेळी उंच आणि गोल असेल तर चक्राकडे कल, सपाट असेल तर आर्चकडे, म्हणजे साध्या कमानीकडे. पण रेषा नेमकी कुठे तुटणार, कुठे फाटा फुटणार हे त्या त्या जागच्या बारीकसारीक ताण-दाबांवर ठरतं, म्हणूनच जुळ्या भावांचे एकूण पॅटर्न सारखे दिसले तरी आतले तपशील वेगळे निघतात. रेषांचा साचा वरच्या कातडीच्या तळाशी, आतल्या कातडीला लागून असतो, त्यामुळे वरचा थर सोलला, भाजला, काम करून झिजला तरी तोच नकाशा परत वर येतो. जखम त्या तळापर्यंत खोल गेली तरच कायमचा व्रण राहतो आणि मग तो व्रणच ओळखीची एक खूण होऊन बसतो.

पॅटर्न, म्हणजे शंख आणि चक्र

मराठीत आपण बोटावरचे शंख आणि चक्र म्हणतोच, कामाच्या भाषेत लूप (शंख), व्होर्ल (चक्र) आणि आर्च (कमान). साधारण ६० ते ६५ टक्के बोटांवर लूप, ३० ते ३५ टक्क्यांवर व्होर्ल आणि जेमतेम ५ टक्क्यांवर आर्च. आर्चमध्ये रेषा एका बाजूने आत येते, मधे वर उचलते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते, उचल एकदम टोकदार असेल तर टेंटेड आर्च. लूपमध्ये रेषा आत येऊन वळते आणि आली त्याच बाजूने परत जाते, करंगळीच्या बाजूला उघडत असेल तर अल्नर, अंगठ्याच्या बाजूला असेल तर रेडियल. व्होर्लमध्ये साधा, सेंट्रल पॉकेट, डबल लूप आणि कशातच न बसणारा अ‍ॅक्सिडेंटल असे प्रकार येतात.

नवीन लोक एकाच ठिकाणी अडकतात, लूप आणि टेंटेड आर्चमध्ये. लूप म्हणायला तीन गोष्टी लागतात, नीट वळलेली रेषा, एक डेल्टा, आणि त्या वळणाऱ्या रेषेला ओलांडून किमान एक रिज काउंट. तीनपैकी एक जरी नसेल तर तो लूप नाही. डेल्टा म्हणजे तिन्हीकडून आलेल्या रेषा जिथे त्रिकोणासारख्या फाकतात ती जागा, आणि कोर म्हणजे साधारण मधला गाभा.

रिज काउंट करायचा म्हणजे डेल्टापासून कोरपर्यंत मनातल्या मनात सरळ रेघ ओढायची आणि तिला छेदणाऱ्या किंवा नुसत्या टेकणाऱ्या रेषा मोजायच्या, डेल्टा आणि कोर स्वतः मोजायचे नाहीत. रेघ बरोबर फाट्याच्या टोकावरून जात असेल तर दोन मोजायच्या. दोन रेषांच्या मधे अगदी पुसट, अर्धवट वाढलेल्या रेषा दिसतात त्या सोडून द्यायच्या. रोज वीस ठसे मोजा, आकडा वहीत लिहा, आणि चार दिवसांनी जुना आकडा न बघता तेच वीस परत मोजा. दोन्ही आकड्यांत फरक कुठे पडला ते बघा, बहुतेक वेळा गडबड मोजण्यात नसते, डेल्टाची जागा चुकलेली असते.

हेन्री पद्धत एकदा हाताने करून बघा

पत्रकं, म्हणजे एकेका माणसाच्या दहाही बोटांच्या ठशांचे कागद, गट पाडून लावायची ही जुनी पद्धत. आता शोध कॉम्प्युटर घेतो, मग कशाला शिकायचं हे, असं विचारतात. दहा बोटं एकत्र बघायची सवय लागते म्हणून शिकायचं. ही पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते पण तिचं गणित आणि मांडणी बसवण्यात अजिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचा ब्युरो सुरू झाला आणि १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत उचलली. आपण शिकताना ही दोन नावं तरी माहीत असावीत असं मला मनापासून वाटतं.

गणित असं. उजवा अंगठा १ नंबर, तिथून करंगळीपर्यंत ५, डावा अंगठा ६ आणि डावी करंगळी १०. जोड्यांना किंमत द्यायची, १ आणि २ ला १६, ३-४ ला ८, ५-६ ला ४, ७-८ ला २ आणि ९-१० ला १. व्होर्ल असलेल्या बोटाचीच किंमत धरायची, बाकीच्यांची शून्य. सम नंबरच्या बोटांची बेरीज वर, विषमची खाली आणि दोन्हीत एक मिळवायचा. समजा उजवा अंगठा, उजवी अनामिका आणि डावी तर्जनी यांच्यावर व्होर्ल आहेत. अनामिका ४ नंबर, म्हणजे वर ८ अधिक १ असे ९. अंगठ्याचे १६ आणि तर्जनी ७ नंबर म्हणून तिचे २, खाली १८ अधिक १ असे १९. झालं, ९/१९. एकही व्होर्ल नसेल तर १/१ आणि दहाही असतील तर ३२/३२, असे एकूण १०२४ गट पडतात. पन्नास पत्रकं अशी लावून झाली की पुरे, पुढे जा.

ठसे घेणं

वाईट घेतलेला ठसा पुढच्या माणसाचा दिवस खातो. शाईचा थर इतका पातळ हवा की काच खालून दिसायला पाहिजे. बोट कोरडं आणि स्वच्छ, घाम येत असेल तर प्रत्येक बोट पुसून. बोट एका नखाच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचं, मागे-पुढे नाही, दाब हलका. अंगठे शरीराकडे आणि बाकीची बोटं शरीरापासून बाहेर फिरवली तर हात अवघडलेल्या स्थितीतून मोकळ्या स्थितीत येतो आणि ठसा घसरत नाही. समोरच्याला सांगा की तू हात सैल सोड, फिरवायचं काम माझं. रोल केलेल्या ठशांखाली चार बोटांचे एकत्र साधे ठसे घेतात ते क्रम तपासायला, कारण घाईत उजवी तर्जनी दोनदा आणि मधलं बोट शून्य वेळा असं होतं, आणि एकदा अशी स्लिप फाइलला लागली की चूक कोणाला सापडणं अवघड. जमेल तिथे तळहाताचे पण ठसे घ्या, घटनास्थळावर तळहाताचे भाग भरपूर मिळतात.

चान्स प्रिंट उठवणं

घटनास्थळावर सापडतो तो चान्स प्रिंट. रक्तात किंवा रंगात उमटलेला दिसतोच, मेणात किंवा ओल्या पुट्टीत दाबलेला पण दिसतो, आणि तिसरा घामाचा, जो दिसत नाही. तळहातावर फक्त घामाच्या ग्रंथी असतात, तेलाच्या नसतात, तेलकटपणा येतो तो तोंडाला-केसांना हात लावल्यामुळे. हे एवढं लक्षात ठेवलं की कुठे काय वापरायचं ते आपोआप कळतं. पावडर ओल आणि तेलकटपणाला चिकटते, म्हणून काच, रंगवलेला पत्रा, गुळगुळीत प्लॅस्टिक यांच्यावर ती चालते. कागद घाम शोषून घेतो, तिथे पावडरच्या नादी लागू नका, तिथे घामातल्या अमिनो आम्लांवर काम करणारं निनहायड्रिन लागतं, ठसा जांभळा होऊन वर येतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या यांच्यासाठी सुपरग्लूची वाफ, बंद पेटीत, साधारण ८० टक्के आर्द्रतेत, म्हणजे रेषांवर पांढरा थर बसतो आणि तो नंतर रंगवून घेता येतो. पृष्ठभाग ओला असेल तर स्मॉल पार्टिकल रिएजंट, म्हणजे द्रवात मिसळलेली बारीक पावडर. कागद भिजलेला असेल तर अमिनो आम्लं धुऊन गेलेली असतात, मग फिजिकल डेव्हलपर, म्हणजे चांदीच्या क्षारांचं द्रावण.

क्रम मोडू नका. आधी नुसत्या डोळ्याने आणि तिरप्या टॉर्चने बघायचं, मग फोटो, मग पुढचं. फिजिकल डेव्हलपर आधी वापरलं की निनहायड्रिनची संधी गेली, उलट क्रमाने मात्र दोन्ही होतात. फोटो काढताना कॅमेरा पृष्ठभागाला बरोबर काटकोनात आणि ठशाच्या शेजारी मोजपट्टी, आणि हे ठसा उचलून घ्यायची चिकट टेप लावायच्या आधी, कारण टेप उचलताना ठसा फाटला तर फोटोच काय तो उरतो. अजून एक, जेलच्या लिफ्टवर, म्हणजे ठसा उचलायच्या चिकट पट्टीवर, ठसा आरशातल्यासारखा उलटा दिसतो, हे विसरून दिवसभर तुलना करत बसलेले लोक मी पाहिलेत.

आणि आता खरं काम

पद्धतीला एसीई-व्ही म्हणतात, अ‍ॅनालिसिस, कम्पॅरिझन, इव्हॅल्युएशन आणि व्हेरिफिकेशन. नाव सगळ्यांना पाठ असतं, पहिली पायरी मात्र बहुतेक जण दोन मिनिटांत उरकतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

अ‍ॅनालिसिस म्हणजे संशयिताचं पत्रक पाकिटातच ठेवून, फक्त चान्स प्रिंट समोर घेऊन बसायचं. हा ठसा कशावर होता, कशाने उठवला, दाब कुठल्या बाजूने आलाय, बोट सरकलंय का, एकावर एक दोन ठसे पडलेत का, काळं दिसतंय ती रेषाच आहे की फट. मग पहिला स्तर, म्हणजे एकूण प्रवाह आणि पॅटर्न. मग दुसरा, कुठे रेषा संपते, कुठे फाटा फुटतो, कुठे ठिपका. मग दिसत असेल तर तिसरा, रेषेच्या कडा आणि घामाची छिद्रं. प्रत्येक खुणेला खात्रीनुसार रंग द्या, हिरवा म्हणजे नक्की, पिवळा म्हणजे बहुतेक, लाल म्हणजे असावी पण पैजेवर सांगणार नाही. हे सगळं लिहून, तारीख-वेळ टाकून मगच पाकीट उघडायचं.

यावर मी इतका जोर का देतो ते सांगतो. शिकत असताना मला काचेच्या ग्लासवरचा एक अर्धवट ठसा दिला होता, सोबत एक पत्रक. मी घाईत दोन्ही एकदम समोर ठेवले आणि तासाभरात सात खुणा जुळवून सरांकडे गेलो. त्यांनी काही बोलायच्या आधी एक पोस्टकार्ड घेतलं, पत्रकावरचा ठसा झाकला आणि म्हणाले, आता फक्त ग्लासवरचा बघून परत काढ. मी काढले, चार आले. उरलेल्या तीन जागी भिंगाखाली बघितलं तर पावडरचे डाग होते नुसते, एका ठिकाणी रेषा जिथे संपते असं मी लिहिलं होतं तिथे ती खरं तर पुसट होऊन पुढे जात होती. मी खोटं काही केलं नव्हतं, पत्रकात जे होतं ते मला ग्लासवर दिसायला लागलं होतं. त्या दिवसापासून पाकीट उघडायच्या आधी माझा कागद पूर्ण झालेला असतो.

कम्पॅरिझनमध्ये चान्स प्रिंटमधला एक ठळक, एकमेकांजवळच्या दोन-तीन खुणांचा गट निवडायचा आणि तो समोरच्या ठशात शोधायचा, उलट दिशेने कधीच नाही. मिळाला की तिथून एकेक रेषा मोजत पुढे जायचं, फाट्यापासून तिसरी रेषा, ती वर जाऊन संपते, तिच्या उजवीकडे ठिपका, आणि दोन्ही पॉइंटर बरोबर चालले पाहिजेत. दाब जास्त असेल तर शेजारच्या रेषेला चिकटून संपणारी रेषा फाट्यासारखी दिसू शकते, कमी दाबात फाट्याची संपणारी रेषा होऊ शकते, हे चालतं. पण मधल्या रेषांची संख्या बदलत असेल आणि तिथे घसरल्याची, ताणल्याची कुठलीच खूण चान्स प्रिंटमध्ये आधीपासून नोंदलेली नसेल तर थांबा.

किती खुणा जुळल्या की पुरे, हा प्रश्न येतोच. काही देशांत बाराचा नियम चालतो, इंग्लंडमध्ये पूर्वी सोळा लागायच्या, २००१ मध्ये तिथे तो आकडा सोडून दिला. ठशातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७३ मध्येच सांगितलं होतं की ठरावीक किमान आकड्याला शास्त्रीय आधार नाही. माझं मत विचाराल तर तुमच्या ऑफिसचा नियम असेल तो पाळा, पण बारा खुणा जुळल्या आणि एक न समजणारा फरक उरला तर त्या बाराचं मोल मी शून्य धरतो.

इव्हॅल्युएशनमध्ये तीनच उत्तरं, जुळतो, जुळत नाही, सांगता येत नाही. तिसरं उत्तर द्यायला नवीन माणूस घाबरतो, त्याला वाटतं आपल्याला येत नाही असं दिसेल. पुसट ठशावर तेच बरोबर उत्तर असतं आणि ते कारणासकट लिहिता येणं हे कौशल्य आहे.

व्हेरिफिकेशन दुसऱ्या माणसाने करायचं आणि शक्य तिथे पहिल्याचं उत्तर त्याला न सांगता.

चुका कशा होतात ते वाचा

२००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर एका व्हॅनमधल्या डिटोनेटरच्या प्लॅस्टिक पिशवीवर ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयने तो डेटाबेसमध्ये टाकला, वीस उमेदवारांची यादी आली, त्यातला एक अमेरिकन वकील जुळतो असं अनुभवी एक्झामिनरनी ठरवलं, दुसऱ्या-तिसऱ्याने दुजोरा दिला, कोर्टाने नेमलेला तज्ज्ञ पण हो म्हणाला. स्पेनचे पोलिस मात्र नाही म्हणत राहिले आणि शेवटी तो ठसा एका वेगळ्याच, अल्जेरियन माणसाचा निघाला. तोवर वकील दोन आठवडे अटकेत होता. चौकशीत पुढे आलं की ठशाचा डावीकडचा वरचा भाग जुळत नव्हता आणि तो दुसऱ्या स्पर्शाचा असेल म्हणून सोडून दिला होता, आणि काही खुणा संशयिताचा ठसा बघितल्यानंतर चान्स प्रिंटमध्ये दिसायला लागल्या होत्या. ग्लासवरच्या माझ्या ठशात झालं तेच, फक्त इथे एका माणसाची सुटका त्यावर अवलंबून होती. प्रचंड मोठ्या डेटाबेसमध्ये शोध घेतला की चुकीच्या माणसाचा, पण खूप सारखा दिसणारा ठसा वर येण्याची शक्यता वाढते, हे पण लक्षात घ्या.

२००६ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात पाच तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेली जोडी, माद्रिदच्या प्रकरणात चुकून जुळवली गेलेली जोडी हीच, असं सांगून परत दिली, पाचपैकी चौघांनी उत्तर बदललं. आणि २०११ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १६९ एक्झामिनर होते, चुकीने जुळतो म्हणण्याचं प्रमाण ०.१ टक्के आलं, चुकीने जुळत नाही म्हणण्याचं ७.५ टक्के. म्हणजे नाही म्हणताना आपण जास्त बेफिकीर असतो. म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी नाही या उत्तराचा पण तेवढाच पूर्ण कागद मागतो, कुठल्या बोटाचा कुठला भाग बघितला, ठशाची दिशा नक्की होती का, तळहात तपासला का. केसची माहिती, कबुलीजबाब, डीएनएचा रिपोर्ट हे काहीही तुलना संपेपर्यंत टेबलावर नको.

सराव कसा ठेवायचा

एकट्याने केसवर सही करण्याआधी कुणाच्या तरी देखरेखीखाली वर्ष-दीड वर्ष तरी काढायला हवं असं माझं मत आहे. पहिले दोन महिने स्वच्छ ठशांच्या जोड्या, मग अर्धवट, मग सरकलेले. सहाव्या महिन्यानंतर मुद्दाम एकमेकांसारख्या पण वेगळ्या माणसांच्या जोड्या मागून घ्या, डेटाबेसच्या यादीतले वरचे चुकीचे उमेदवार यासाठी सगळ्यात चांगले. नुसत्या जुळणाऱ्या जोड्यांवर शिकलेला माणूस जुळवायलाच शिकतो. सलग दोन तासांच्या वर भिंगाला बसू नका, डोळे थकले की फाटे वाढतात. वहीत प्रत्येक जोडीचं उत्तर, लागलेला वेळ आणि खरं उत्तर अशा तीन रकान्यांत नोंद ठेवा, चुकलेल्या जोड्या वेगळ्या पाकिटात टाका आणि महिन्याने परत सोडवा.

रिपोर्ट लिहिताना शंभर टक्के, चूक होणं अशक्य, असे शब्द वापरू नका. कुठला ठसा, कुठून, कशाने उठवला, कुठल्या बोटाशी तुलना केली, निष्कर्ष काय आणि कोणी पडताळला, एवढं सरळ लिहा. साक्षीला जाताना दोन्ही ठशांचे मोठे केलेले फोटो न्या, एक खुणा दाखवलेला आणि एक अजिबात खूण न केलेला, कारण समोरचे वकील खुणा नसलेल्या फोटोवर बोट ठेवून विचारतात की इथे फाटा कुठे आहे ते दाखवा, आणि तेव्हा तुमच्या पहिल्या कागदावर पाकीट उघडायच्या आधीची वेळ लिहिलेली असली पाहिजे.